उन्हातलं पोलाद

मे महिन्यातल्या दुपारी भुसावळच्या यार्डात रुळाला हात लावायची कुणाची छाती होत नाही. हवा पंचेचाळीस-सेहेचाळीस अंशांवर असते, तेव्हा रूळ साठीच्या पुढे गेलेला असतो. तापलं की पोलाद वाढतं, एवढं शाळेत शिकवतात. किती वाढतं, ते सहसा सांगत नाहीत. एक किलोमीटर लांबीचा रूळ चाळीस अंशांनी तापला तर तो सुमारे ४६ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ हातभर लांब व्हायला बघतो. पूर्वी दोन रुळांमध्ये त्यासाठी फट सोडलेली असायची आणि गाडीचा तो खडाड्-खट् आवाज त्या फटीतूनच यायचा. आता रूळ वेल्ड करून लांबच लांब जोडतात. फट नाही, म्हणून वाढायला जागाही नाही. मग ती न झालेली वाढ दाब होऊन रुळातच कोंडून राहते. मीटरला साठ किलो वजनाचा रूळ ज्या तापमानाला पक्का केला, त्याच्या तीस अंश वर गेला की एकट्या रुळात पन्नास टनांहून जास्त दाब साठतो. स्लीपर, खडी आणि रुळाला स्लीपरवर घट्ट धरणाऱ्या लोखंडी चाव्या मिळून तो दाब धरून ठेवतात. कुठे खडी सैल पडली तर रूळ सापासारखा वाकतो. थंडीत याच्या उलट. जानेवारीच्या पहाटे आमच्याकडे पारा दहाच्या खाली उतरतो, रूळ आकसायला बघतो, ओढला जातो आणि एखाद्या कच्च्या वेल्डपाशी तुटतो.

माझे वडील रेल्वेत कीमन होते. खांद्यावर हातोडा आणि पाना घेऊन आपल्या वाट्याचा रूळ रोज चालायचा, सुटलेली चावी ठोकायची, बोल्ट आवळायचा. धातुशास्त्र हा शब्द त्यांच्या कानावर माझ्या कॉलेजच्या अर्जामुळे पहिल्यांदा पडला. पण रुळाच्या कुठल्या तुकड्यावर उन्हाळ्यात नजर ठेवायची आणि कुठल्यावर हिवाळ्यात, हे त्यांना पाठ होतं. पुण्यात शिकताना 'औष्णिक ताण' हा धडा आला, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे वर्गातला फळा नव्हता, तापीच्या पुलाकडे जाणारी लाइन होती.

इतकी वर्षं या विषयात काढल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. पदार्थाची खरी परीक्षा तो जिथे वापरतात तिथे होते, आणि खानदेश ही फार कडक परीक्षा घेणारी जागा आहे. इथलं ऊन, इथलं क्षारांचं जड पाणी, उन्हाळ्यात भेगाळणारी आणि पावसाळ्यात फुगणारी काळी माती, धूळ. पोलाद असो, सिलिकॉन असो की प्लास्टिक, इथे आलं की त्याचे छापील गुण बदलतात. धातू आणि पदार्थांच्या संशोधनाचं भवितव्य काय, असं मला विचारलं तर मी आधी एवढंच म्हणेन की ते संशोधन अशा जागांपर्यंत पोचलं पाहिजे.

रुळापासूनच बघा. रुळाच्या पोलादात साधारण ०.७ टक्के कार्बन असतो. त्याचा घासून चकचकीत केलेला, आम्लाने कोरलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला की आत थरांवर थर दिसतात, एक जवळजवळ शुद्ध लोखंडाचा, एक लोखंड आणि कार्बनच्या कठीण संयुगाचा. ह्या रचनेला पर्लाइट म्हणतात. थर जितके बारीक, तितका रूळ झिजायला चिवट. लाखो टनांची मालगाडी-वाहतूक तोलायची ताकद एका मायक्रॉनहूनही पातळ असलेल्या ह्या थरांत आहे. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा बराच वेळ डोळा भिंगावरून उचलवेना.

या रचनेचा एक छुपा वैरी आहे, हायड्रोजन. वितळलेलं पोलाद दमटपणातून हायड्रोजन शोषतं. पोलाद थंड होताना त्याला बाहेर पडायला वाट मिळत नाही, आणि आतल्या आत बारीक चिरा पडतात. दहा लाखांत दोन-तीन भाग एवढा हायड्रोजनही त्याला पुरतो. वरून रूळ गुळगुळीत दिसतो, पण चाकांखाली ती चीर वाढत जाते आणि एक दिवस रूळ तुटतो. गेल्या शतकात असे अनेक रूळ तुटले, माणसं गेली, आणि मग संशोधकांनी कारण शोधलं. आधी रूळ सावकाश थंड करायची पद्धत आली, नंतर वितळलेल्या पोलादातून निर्वाताने वायू ओढून काढायची. आज रुळांवरून अल्ट्रासॉनिकची गाडी ढकलत नेतात. कीमनच्या डोळ्याला न दिसणारी चीर ती ध्वनीलहरींनी पकडते. हे संशोधन झालं नसतं तर काय झालं असतं, याचा हिशोब कुणी मांडत नाही. न झालेल्या अपघाताची बातमी होत नाही ना.

आणि आता हाच हायड्रोजन पोलादाचा तारणहार ठरायची शक्यता आहे. खनिजात लोखंड ऑक्सिजनशी बांधलेलं असतं. तो ऑक्सिजन काढायला आजवर आपण कोळसा वापरला. एक टन पोलादामागे सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, आणि जगाच्या एकूण कार्बन उत्सर्जनात पोलादाचा वाटा सात ते नऊ टक्के आहे. कोळशाऐवजी हायड्रोजन वापरला तर धुराऐवजी पाण्याची वाफ निघते. स्वीडनमध्ये २०२१ साली अशा पोलादाची पहिली खेप ग्राहकाकडे गेली. भारत पोलाद-उत्पादनात जगात दुसरा आहे, तेव्हा हा प्रश्न आपल्या दाराशी आला आहे. पण स्वीडनचं उत्तर जसंच्या तसं उचलून आणता येणार नाही. ती पद्धत उच्च प्रतीच्या खनिजावर बेतलेली आहे, आपल्या खनिजात ॲल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनियमचं ऑक्साइड, जास्त. तो कमी कसा करायचा, हायड्रोजनच्या भट्टीत आपलं खनिज कसं वागतं, हायड्रोजन वाहून नेणाऱ्या नळ्यांचं पोलाद त्याच हायड्रोजनने ठिसूळ होऊ नये म्हणून काय करायचं, हे प्रश्न आपल्यालाच सोडवायचे आहेत. यातला एकेक प्रश्न माणसाचं अख्खं उमेदीचं वय मागतो. तरुण मुलं जेव्हा 'मॅडम, मेटलर्जीत आता काय उरलंय?' असं विचारतात तेव्हा मला खरोखर वाईट वाटतं. उरलंय कसलं, आता कुठे सुरू होतंय.

मागे साक्रीकडे जाताना रस्त्यालगत एका लोहाराच्या पालाशी थांबले होते. आगटीजवळ त्याची बायको हाताने फिरवायचा पंखा चालवत होती आणि तो विळे घडवत होता. ट्रकच्या जुन्या कमानीच्या पट्ट्या कापून ठेवल्या होत्या. आपल्याकडचे चांगले विळे-कोयते अशा कमानपट्ट्यांतूनच होतात, कारण ते पोलाद लवचीकही असतं आणि पाणी दिल्यावर धारही धरतं. मी सहज चौकशी केली तर म्हणाला, "आते लोखंड पहिलेसारखं नही राह्यनं, ताई." पूर्वीची कमान लाल करून पाण्यात बुडवली की पक्की व्हायची, हल्लीच्या काही कमानी पाण्यात घालताच चर्रकन तडकतात.

त्याचं अगदी बरोबर होतं. स्प्रिंगच्या पोलादात आता क्रोमियमसारखी मूलद्रव्यं घातलेली असतात. त्यामुळे ते आतपर्यंत आणि सहज कडक होतं, पाण्याचा एकदम गारवा त्याला सोसत नाही. त्याला तेलात विझवायचं असतं. हे सांगायला मी तोंड उघडणार, तोवर त्याने मागचा डबा पुढे ओढला. त्यात गॅरेजातून आणलेलं जळकं ऑइल होतं. दोन जातींच्या कमानी तो ओळखत कशा होता? सहाणेच्या चाकावर पट्टी टेकवायची आणि ठिणग्या बघायच्या. काही ठिणग्या फुलासारख्या फुटतात, काहींचा झोत वेगळा, आखूड. प्रयोगशाळेतही ठिणग्यांवरून पोलाद ओळखायची चाचणी आहे आणि आम्ही ती चित्रांवरून शिकलो होतो. हा माणूस ती पोटासाठी शिकला होता. त्याच्याकडे एकच गोष्ट नव्हती. विझवल्यानंतर पातं पुन्हा किती तापवून ठिसूळपणा घालवायचा, त्याचा अंदाज नव्या पोलादाला चुकत होता. घासलेल्या पात्यावर कुठला रंग आला की थांबायचं, त्यावर आम्ही दोघे बराच वेळ बोललो. पिवळा आला की थांबलं तर धार कडक राहते पण पातं तुटतं, जांभळ्याकडे झुकू दिलं तर चिवट होतं. विळ्याला मधलं हवं, कुऱ्हाडीला आणखी थोडं पुढचं.

कारखान्यात बसून कुणीतरी ट्रकसाठी अधिक चांगलं पोलाद तयार केलं, ही मोठीच गोष्ट. पण तेच पोलाद वीस वर्षांनी साक्रीच्या लोहाराच्या हातात येतं, तेव्हा त्याच्यासोबत माहितीची एक ओळही येत नाही. ही तुटकी साखळी जुनी आहे. मायकेल फॅरडेने १८१९ मध्ये हिंदुस्थानातल्या वुट्झ पोलादाचं पृथक्करण प्रसिद्ध केलं. ते पोलाद आपल्या मुशींत तयार झालं होतं. त्याच्या गुणाचं कारण फॅरडेला तेव्हा नीट सापडलं नाही, पण त्या शोधातून तो मिश्र पोलादाच्या प्रयोगांकडे वळला. कौशल्य इथलं होतं, पण प्रश्न विचारायची यंत्रणा लंडनमध्ये होती.

आणि धातू आपल्याला नवे नाहीत. तापी आणि गोमाईच्या संगमावर प्रकाशे येथे पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर यांनी १९५५ मध्ये उत्खनन केलं. खाली तांबं आणि दगड वापरणाऱ्यांचे थर, त्यांच्यावर लोखंड वापरणाऱ्यांचे. तिथे दर्शनाला जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असतं, म्हणून मुद्दाम सांगितलं.

जळगावच्या सराफ बाजाराबद्दल थोडं विस्ताराने लिहायला हवं. पदार्थविज्ञान माणसाच्या फुफ्फुसापर्यंत कसं पोचतं, ते मला तिथे कळलं. दागिन्याचे भाग जोडायला डाख लागतो, आणि तो सोन्यापेक्षा कमी तापमानाला वितळायला हवा. पूर्वी त्यासाठी सोन्यात चांदी आणि तांबं मिसळायचे, आणि जोडावर सोन्याचा कस उतरायचा. मग सोन्यात थोडं कॅडमियम घालायची युक्ती आली. डाख लवकर वितळतो, त्यातलं बरंचसं कॅडमियम उडून जातं आणि मागे बहुतेक सोनंच उरतं. घरोघरी बायका कौतुकाने 'केडीएमचं आहे' म्हणून पाटल्या दाखवायच्या. केडीएम म्हणजे शुद्धतेची खूण, असाच समज होता. पण उडून गेलेलं कॅडमियम जात कुठे होतं? बंद, अंधाऱ्या माडीवर मान खाली घालून बसलेल्या कारागिराच्या नाकात. ती वाफ फुफ्फुसं आणि मूत्रपिंडं नासवते. हॉलमार्कच्या नियमांनी अशा दागिन्यांना दार बंद केलं आणि जस्त, इंडियम यांसारख्या धातूंचे डाख आले. वितळण्याचा बिंदू, प्रवाहीपणा, रंग, कस हे सगळं सांभाळून विषारी धातू वगळायचा म्हणजे मिश्रधातूंचं चांगलंच अवघड गणित होतं. ते कुणीतरी सोडवलं. पाटली घालणारीला फरक कळलाही नाही, कारागिराचा मात्र श्वास वाचला. या विषयाला 'लोखंड-लक्कडाचं शास्त्र' म्हणणाऱ्यांना मी हे उदाहरण नेहमी सांगते.

दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रात प्रश्न आणखी वेगळा. तिथल्या बॉयलरच्या नळ्यांत साडेपाचशे अंशांच्या आसपासची वाफ प्रचंड दाबाने वर्षानुवर्षं खेळत असते. नळी फुटत नाही, पण पोलाद अतिशय सावकाश ताणलं जातं. याला आम्ही क्रीप म्हणतो. वाफ जितकी तापवावी तितका त्याच विजेला कोळसा कमी लागतो, म्हणून नव्या सुपरक्रिटिकल संचांत तापमान वर नेलेलं असतं. पण वाफ किती तापवायची, हे शेवटी नळीचा धातू ठरवतो. सातशे अंशांच्या पुढची वाफ सोसणाऱ्या निकेलच्या मिश्रधातूंच्या नळ्या हैदराबादला तयार झाल्या आहेत. यावर फारसं कुणी लिहीत नाही.

साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ पासून उभा आहे. आपल्याकडे ऊन भरपूर म्हणून वीज भरपूर, असं सगळे धरून चालतात. पण सिलिकॉनला प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. पॅनेलची छापील क्षमता पंचवीस अंशांना मोजलेली असते, आणि त्यावरच्या दर अंशाला ती साधारण ०.४ टक्क्याने घटते. मेच्या दुपारी पॅनेल पासष्ट अंशांवर गेलं की सोळा टक्के वीज तिथल्या तिथे गेली. वर धुळीचा थर. शिवाय प्रत्येक पॅनेलवरच्या बारीक रेघा चांदीच्या असतात, म्हणजे सराफ बाजारातला चांदीचा भाव आणि शेतातल्या सौरपंपाची किंमत एकाच धाग्यात आली. चांदीऐवजी तांबं वापरता यावं म्हणून जगभर खटपट चालू आहे. अडचण अशी की तांबं सिलिकॉनमध्ये शिरून त्याला निकामी करतं, म्हणून मध्ये अडसर म्हणून दुसऱ्या धातूचा पातळ थर द्यावा लागतो. तो थर आमच्या उन्हात पंचवीस वर्षं टिकेल का? हे आमच्या उन्हात ठेवूनच कळेल.

शेतकऱ्याला पदार्थविज्ञान शिकवायची गरज नाही, तो ते रोज हाताळतो. ठिबकची नळी काळी असते, कारण त्या पॉलिथिलीनमध्ये दोन-अडीच टक्के काजळी मिसळलेली असते. ती सूर्याचे अतिनील किरण स्वतःवर घेते. ती नसती तर नळी दोन-चार उन्हाळ्यांत खडूसारखी चुरली असती. रावेर-यावलच्या केळीच्या बागांत घड कापल्यावर खोडं नुसती बांधावर टाकलेली दिसतात, तेव्हा माझा जीव तुटतो. त्या खोडात चिवट धागा असतो. त्यापासून दोर, कागद, कापड होतं, हे सिद्ध आहे. प्लास्टिकच्या राळेत घालून हलके, मजबूत पत्रे करायचे तर धागा पाणी पितो आणि राळेला नीट चिकटत नाही. सौम्य अल्कलीत धुऊन तो चिकटण्याजोगा करता येतो. पण किती वेळ, किती तीव्र द्रावणात, आणि पुरेसं स्वस्त कसं, हे प्रत्येक वाणासाठी बसून शोधावं लागेल. हे काम जळगावात व्हायला नको तर कुठे व्हायला हवं?

भंगाराचंही तेच. लोखंड पुन्हा वितळवताना त्यात मोटारींच्या तारांचं तांबं राहिलं, टक्क्याचा पाव-तिजाई भाग जरी, तरी गरम लाटताना पोलादाला भेगा पडतात, आणि एकदा मिसळलेलं तांबं सहजी निघत नाही. येत्या काळात खाणीपेक्षा भंगारातून जास्त पोलाद यावं असं वाटत असेल, तर भंगारातून तांबं, पितळ, जर्मल (ॲल्युमिनियम) वेगवेगळं काढणाऱ्या पोराच्या हाताला आधी मोल द्यायला हवं, आणि त्याच्या हातात धातू ओळखणारं स्वस्त यंत्रही. ॲल्युमिनियम भंगारातून पुन्हा करायला, खनिजापासून करण्याच्या मानाने अवघी पाच टक्के ऊर्जा लागते. एवढी मोठी बचत दुसऱ्या फार थोड्या ठिकाणी मिळते.

आपल्या देशात धातुसंशोधनाची परंपरा चांगली आहे. बनारसला १९२३ पासून धातुशास्त्र शिकवतात, जमशेदपूरची राष्ट्रीय धातुविज्ञान प्रयोगशाळा १९५० ची. पण संशोधनावरचा एकूण खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६ ते ०.७ टक्क्यांवर अडला आहे, आणि नवा पदार्थ प्रयोगशाळेतून बाजारात यायला सहज वीस वर्षं लागतात. आता संगणक लाखो संभाव्य मिश्रधातू मांडून त्यातले शंभर निवडून देतो. २००४ पासून गाजत असलेले, पाच-पाच धातू जवळजवळ समप्रमाणात मिसळलेले मिश्रधातू हे तर अफाट मोठं रान आहे, माणूस एकेक वितळवून बघत बसला तर जन्म पुरणार नाही. संगणकाच्या मदतीचं मला मनापासून अप्रूप आहे. पण त्याने निवडलेल्या शंभरांना ऊन-पाणी-माती दाखवण्याचं काम उरतंच, आणि त्याला कुठलाही जवळचा रस्ता नाही.

म्हणून माझी एक साधी मागणी आहे. जळगावला १९९० पासून विद्यापीठ आहे, गावोगावी विज्ञान महाविद्यालयं आहेत. एखाद्या महाविद्यालयाने आवारात उघड्यावर लोखंडी मांडणी उभी करावी आणि तिच्यावर नमुने लावावेत. रंग दिलेले आणि न दिलेले पोलादाचे तुकडे, वेल्ड केलेले जोड, ठिबकच्या नळ्यांचे हातभर तुकडे, तांब्याच्या रेघा असलेले सौरघट, केळीच्या धाग्याचे पत्रे. काही नमुने शेजारी काळ्या मातीत पुरावेत, काही बोअरच्या पाण्यात ठेवावेत. दर तीन महिन्यांनी विद्यार्थ्यांनी वजन करावं, जाडी मोजावी, वाकवून बघावं, आणि वहीत तारखेसह लिहून ठेवावं. खर्च म्हटला तर अँगल, नटबोल्ट, एक चांगला तराजू आणि एक सूक्ष्मदर्शक एवढाच. एक तुकडी पास होऊन जाईल, दुसरी वही पुढे चालवेल. दहा वर्षांची अशी नोंद तयार झाली, तर रूळ करणारे, पॅनेल करणारे, नळ्या करणारे सगळे ती मागायला जळगावला येतील. जागेसाठी मी दोन प्राचार्यांशी बोलले आहे. नमुने कापून, क्रमांक ठोकून द्यायचं काम माझ्याकडे.